घाई कुणाला आहे?

सरांना भीती वाटत नव्हती, आणि सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

रोज सकाळी विभागात कुणी यायच्या आत ते लॅब उघडत, खिडकीजवळच्या टेबलाशी बसत, मनगटाला काळा पट्टा बांधत आणि चौथीच्या पोरांची गणितं सोडवायला घेत. अपूर्णांकांची बेरीज. लांबलचक भागाकार. एका नळानं भरणारा आणि दुसऱ्यानं रिकामा होणारा तो जगातला सगळ्यात बिनडोक हौद. पडद्यावरचा कॅमेरा त्यांचा चेहरा बघे, पट्टा नाडी आणि कातडीवरचा घाम मोजे, आणि शेजारच्या दुसऱ्या पडद्यावर त्यांच्या ताणाची रेघ आडवीच्या आडवी सरकत राही. जन्मभर गणितात लोळलेला माणूस. त्याला दोन-पंचमांश अधिक तीन-चतुर्थांशाची काय डोंबलाची भीती वाटणार? आणि रेघ वर चढल्याखेरीज बाई बोलणार नव्हत्या.

बाई म्हणजे सरांची बायको. प्राथमिक शाळेत शिकवायच्या, म्हणून अख्खं जग त्यांना बाई म्हणायचं. सरांनी लग्नानंतर चिडवायला म्हणून म्हणायला सुरुवात केली आणि मग तेच नाव तोंडात बसलं. दीड वर्षापूर्वी त्या गेल्या. मागे राहिलं काय, तर कपाटातल्या साड्या, स्वयंपाकघरातल्या बरण्यांवरचं त्यांचं गोल गोल अक्षर, आणि 'सोबत'मधला त्यांचा आवाज.

'सोबत' हा सरांनी घडवलेला प्रोग्राम. गणिताला घाबरणाऱ्या मुलांसाठी. मूल गणित सोडवत असताना त्याला भीती वाटू लागली की यंत्रानं ते ओळखायचं आणि मायेचे दोन शब्द बोलायचे, इतकी साधी गोष्ट. तेवढ्या साध्या गोष्टीत सरांची उमेदीची सगळी वर्षं गेली. यंत्र बोले ते बाईंच्या आवाजात. रेघ लाल पट्ट्यात शिरली की बाई म्हणत, "थांब जरा. पेन्सिल खाली ठेव. घाई कुणाला आहे? मी इथंच आहे."

आता कुणी म्हणेल, आवाजच ऐकायचा तर एवढा खटाटोप कशाला? फाइल उघडावी, ऐकावी, डोळे पुसावेत आणि कामाला लागावं. सरांनी ते एकदा करून पाहिलं होतं. आवाज बाईंचाच आला, पण तो त्यांच्याशी बोलत नव्हता. त्यांनी बटण दाबलं म्हणून तो आला होता. बाईंची तर सवय अशी की सर दारातून आत आले, चपला काढता काढता जरा रेंगाळले, की आतून हाक यायची, "काय झालं आज?" सरांना स्वतःला कळायच्या आधी बाईंना कळलेलं असायचं. सरांना हवं होतं ते तेच. न सांगता, न मागता कुणीतरी ओळखायला हवं होतं. आणि त्या घरात आता ओळखणारं कुणी नव्हतं.

मग त्यांनी सोंग करून पाहिलं. भुवया वर चढवल्या, ओठ चावले, डोळे विस्फारले. आपल्या विषयात नाव कमावलेला हा पन्नाशी उलटलेला माणूस रिकाम्या लॅबमध्ये एकटाच कॅमेऱ्यापुढे तोंडं वेडीवाकडी करत बसला होता. पडद्याच्या कोपऱ्यात लगेच बारीक अक्षरं उमटली : चेहरा आणि नाडी जुळत नाहीत, दुर्लक्ष करत आहे. ही अक्कल यंत्राला सरांनीच शिकवली होती. सुरुवातीला मुलं सोपी गणितं मिळवायला तोंडं पाडून बसत, ते ओळखायला म्हणून. त्यावर परदेशी जाऊन भाषण ठोकलं होतं, टाळ्या घेतल्या होत्या. स्वतःच्या हातानं लावलेलं कुलूप, आणि किल्ली घेऊन बायको गेलेली.

हे सगळं सुरू झालं तेही बाईंमुळेच. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी बाईंना मुख्याध्यापकपदासाठी एक परीक्षा द्यायची होती आणि तिच्यात गणिताचा पेपर होता. बाईंना गणिताचं भय. साधंसुधं नव्हे, भागाकाराचं चिन्ह दिसलं की हात असा ओला व्हायचा की कागद मनगटाला चिकटून वर यायचा. सर तेव्हा शुद्ध गणितातले उगवते विद्वान. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांनी बायकोला शिकवायला घेतलं, आणि दर दोन मिनिटांनी म्हणू लागले, अगं, सोपं तर आहे.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "सोपं आहे असं नका ना सांगू," त्या म्हणाल्या. "अवघड म्हणालात तर निदान न येण्याची लाज तरी वाटणार नाही."

इतकी वर्षं ते मुलांना 'सोपं आहे' म्हणत आले होते आणि प्रत्येक वेळी कुणाच्या तरी हाताला घाम फुटत असणार, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्या टेबलाशीच त्यांच्या डोक्यात किडा शिरला. चांगलं चाललेलं शुद्ध गणित सोडून ते मुलांच्या घामाच्या मागे लागले. सहकाऱ्यांनी वेड्यात काढलं. निबंध साभार परत आले. कुणी म्हणालं, हे गणित नव्हे. कुणी म्हणालं, हे मानसशास्त्रही नव्हे. सरांची थोरली बहीण, तिला सगळे अक्का म्हणतात, तिनं तर कळसच केला. ज्याला समोरच्याच्या चेहऱ्यावरचं ओ की ठो कळत नाही त्यानं चेहरे वाचायचं यंत्र काढलंय, ती म्हणाली, म्हणजे आंधळ्यानं चष्म्याचं दुकान थाटलंय. त्यावर सगळ्यात जास्त हसल्या त्या बाई.

पुढं प्रोग्रामला आवाज द्यायची वेळ आली तेव्हा सरांनी मोठ्या मेहनतीनं वाक्यं लिहून आणली. "काळजी करू नका. तुमची प्रगती समाधानकारक आहे." लॅबमागच्या अडगळीच्या खोलीत भिंतींना ब्लँकेटं लावून बाईंना मायक्रोफोनपुढे बसवलं होतं. बाईंनी ते वाक्य एकदा वाचलं आणि अशा हसत सुटल्या की ध्वनिमुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञालाही आवरेना. घाबरलेल्या पोराशी असं बोलाल तर ते उठून घरी जाईल, त्या म्हणाल्या, तो कागद इकडे द्या आणि तुम्ही बाहेर जाऊन बसा. सर बाहेर जाऊन बसले. बाई वर्गात जे रोज बोलायच्या तेच त्या दुपारी बोलल्या.

एका वाक्यावरून मात्र दोघांची खडाजंगी झाली. मूल शांत झालं, रेघ खाली आली, की बाईंना एक शेवटचं वाक्य हवं होतं : "हं, जमतंय की. आता पुढचं तुझं तू कर." सरांना ते तुटक वाटलं. आत्ता कुठं पोर सावरलं आणि लगेच हात झटकायचे? बाईंनी मग त्यांना खुर्चीची गोष्ट सांगितली. वर्षाच्या सुरुवातीला रडणाऱ्या मुलाच्या अगदी बाकाला लागून त्या खुर्ची टाकून बसत. मग हळूहळू ती मागे सरकवत. आधी हातभर, मग दोन बाकं, मग खिडकीपाशी. वर्ष संपेपर्यंत खुर्ची आपल्या टेबलामागे आलेली असायची आणि मुलाला पत्ताही लागलेला नसायचा. बाई म्हणाल्या, जवळ बसणं कुणालाही जमतं हो, शिकवणं म्हणजे खुर्ची मागे घेणं. वाक्य राहिलं.

आणि बाई गेल्यावर सरांनीच ते काढून टाकलं.

झालं असं, की दिवस-कार्य आटोपून सर कामावर आले आणि सवयीनं प्रोग्राम तपासायला बसले. तपासणीत सगळी वाक्यं एकामागून एक वाजतात. रिकाम्या खोलीत बाई त्यांना म्हणाल्या, आता पुढचं तुझं तू कर. सरांनी हात पुढे केला, त्या वाक्यासमोरची खूण पुसली आणि ते बंद करून टाकलं. त्यांच्या हाताखाली संशोधन करणारी एक मुलगी होती. बुटकीशी, चटचट बोलणारी, सगळे तिला ठिणगी म्हणत. तिला त्यांनी सांगितलं की मुलांना ते तुटक वाटतं. ठिणगी एरवी शब्दाला शब्द लावल्याशिवाय राहायची नाही, पण ज्याची बायको नुकतीच गेलीय त्याच्याशी काय वाद घालायचा? ती हो म्हणाली, आणि ते वाक्य बंदच राहिलं.

यंदा विभागप्रमुखांनी नवा विषय काढला. 'सोबत' आता पुष्कळ शाळांत जाणार होता, तेव्हा आवाजही नव्या चालीचा हवा. संगणकानं घडवलेला. तो मुलाला नावानं हाक मारू शकत होता, लागेल ते वाक्य जागच्या जागी जुळवू शकत होता, कधी थकत नव्हता. बाईंची वाक्यं तेवढी ठरलेली. प्रमुख माणूस सज्जन. त्यांनी सरांवर निर्णय लादला नाही. एका शाळेत अर्ध्या मुलांना जुना आवाज द्या, अर्ध्यांना नवा, आणि आकडे काय सांगतात ते सत्राअखेर तुम्हीच मला सांगा, एवढंच ते म्हणाले. आता यात खोट कुठं काढणार? सरांनीही मान डोलावली. त्या दिवसापासून त्यांचं सकाळचं लॅब उघडणं सुरू झालं. आवाज जायच्या आत एकदा, फक्त एकदा, बाईंनी आपणहून ओळखून आपल्याशी बोलावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आकडे घेऊन ठिणगी आली ती दबकत आली, तेव्हाच सरांनी ताडलं. नव्या आवाजाच्या मुलांची रेघ क्वचित चढत होती. बाईंच्या आवाजाच्या मुलांची सारखी चढत होती. एकदा चढली, बाई बोलल्या, उतरली, की थोड्या वेळानं पुन्हा लाल. कागदावर याचा अर्थ एकच निघत होता : बाईंच्या आवाजानं मुलं जास्त घाबरत होती.

सरांना कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. ज्या बाईंच्या वर्गात रडतं पोर हसायला लागायचं त्या बाईंना मुलं घाबरतात? हे कालत्रयी शक्य नाही, ते म्हणाले, पट्टे नीट बांधले नसतील, कॅमेऱ्यावर ऊन येत असेल. ठिणगीनं सगळं तपासलं होतं. तिचंही मन त्यात अडकलं होतं. तिचा पहिला निबंध वाचायच्या आदल्या दिवशी बाईंनी तिला घरी बोलावून जेवू घातलं होतं आणि निबंधाचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः शाळेत गेले. मागच्या ओळीत लहान मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसले. वर्गात पेन्सिलींची खरखर होती, कुणाची तरी बाटली घरंगळत होती. त्यांच्या शेजारच्याच बाकावर एक मुलगी बसली होती. तिचे गाल इतके गुबगुबीत की वर्ग तिला फुगा म्हणे, आणि ती ओ देई. सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. फुगानं एक भागाकार झरझर सोडवला. दुसरा सोडवला. मग तिनं इकडेतिकडे पाहिलं, गाल फुगवले आणि श्वास धरला. चेहरा तांबडा झाला, मान ताठरली. सरांच्या हातातल्या छोट्या पडद्यावर तिची रेघ चढत चढत लाल झाली. तिच्या कानातल्या हेडफोनमध्ये आवाज आला असणार, कारण तिनं फुस्सकन श्वास सोडला, पेन्सिल खाली ठेवली, आणि हनुवटी हातावर टेकून ऐकत बसली. चेहऱ्यावर असं समाधान, की सरांना तिचा हेवा वाटला.

तास सुटल्यावर ते तिच्या बाकाशी वाकले.

"श्वास कशाला धरतेस गं?"

फुगानं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. रागावणारे दिसत नाहीत अशी खात्री झाल्यावर म्हणाली, "तसं केलं की त्या बाई बोलतात."

"आणि गणितांची भीती?"

"गणितं येतात मला." ती दप्तराचा पट्टा पिळत राहिली. "पण बरोबर आली की त्या गप्पच बसतात."

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर आले. वर्गातल्या निम्म्या मुलांना ही युक्ती ठाऊक होती, फुगानंच वाटली होती. उत्तर माहीत असूनही ती श्वास धरून बसत होती. भीती कुणालाच नव्हती. त्या बाईंनी आपल्याशी बोलावं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि सर रोज सकाळी खिडकीजवळ बसून दुसरं काय करत होते?

ठिणगीला हे सांगितलं तेव्हा ती जागेवरून उडालीच. सर, म्हणाली, म्हणजे ही भीती नव्हेच, श्वास धरलेले सगळे प्रसंग आपण वेगळे काढू, त्यात लबाडी काहीच नाही, उलट तेच बरोबर आहे, आणि मग बघा बाई जिंकतात की नाही. तिनं तिथल्या तिथं बोटं चालवली. बाई जिंकत होत्या. सर हसले. किती तरी दिवसांनी ते असे हसले, आणि आपल्या यंत्राला भीती आणि ओढ यांतला फरक कळत नाही, म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा झाला की, असं म्हणत चहा करायला उठले.

संध्याकाळी त्यांनी अक्काला फोन केला. बाईंचा आवाज राहणार, हे तिला सांगितल्याशिवाय चैन पडेना. सगळी हकिकत तिखटमीठ लावून सांगितली. अक्का ऐकत होती, मधूनच हसत होती, नाक ओढत होती. शेवटी म्हणाली, "ते सगळं खरं रे. पण मग ती पोरं गणितं कधी करतात?"

सरांनी फोन ठेवला.

अक्काला यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तिनं बोट नेमकं दुखऱ्या जागी ठेवलं होतं. फुगाला गणितं येत होती. ती पुढे जाऊ शकत होती, आणि जात नव्हती, कारण पुढे बाई नव्हत्या. बाई फक्त भीतीपाशी भेटत. जमलं की त्या गप्प, अशी रचना कुणी केली? बाईंनी नाही. बाईंनी तर शेवटचं वाक्य आग्रहानं घातलं होतं. मूल सावरलं की त्याच्याकडे बघून म्हणायचं, जमतंय, आता तुझं तू. खुर्ची मागे घ्यायचं ते वाक्य सरांनी काढून टाकलं होतं, आणि शाळेभरच्या पोरांच्या बाकाला बाईंची खुर्ची चिकटवून ठेवली होती. स्वतःच्या दुःखापायी मुलांचं वाटोळं करायला निघालो होतो, असं त्यांना वाटलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

आणि तरीही त्यांना ते वाक्य परत घालायचं नव्हतं. खोटं कशाला बोला. घातलं तर मुलं सावरणार, पुढे जाणार, रेघा खाली राहणार. आवाज बाईंचाच टिकेल कदाचित, पण ऐकू कमी कमी येत जाईल. प्रोग्राम जितका चांगला तितक्या बाई गप्प. न घालावं तर आकडे चाळून का होईना, शाळाशाळांतून बाई दिवसभर बोलत राहतील. बायकोला दुसऱ्यांदा पोचवून यायचं, तेही स्वतःच्या बोटानं, हे कुणाला हवं असतं? त्या रात्री सर जेवले नाहीत.

सकाळी ठिणगी आली तेव्हा ते लॅबमध्ये होते. त्यांनी तिला खरं काय ते सांगून टाकलं. मुलांना तुटक वाटतं हे आपण रचलेलं होतं. आपल्यालाच ते ऐकवत नव्हतं. ठिणगीनं नुसतं "कळलं होतं सर" म्हटलं आणि खुर्ची ओढली. सरांनी त्या वाक्यासमोर पुन्हा खूण केली.

पण लॅबचा एक दंडक होता, आणि तोही सरांनीच घातलेला : जे काही मुलांपुढे जायचं ते आधी आपल्या मनगटावर. लॅबमधल्या कुणीतरी पट्टा बांधून बसायचं, खरोखर घाबरायचं, खरोखर शांत व्हायचं, सगळी वाक्यं जागच्या जागी येतात का ते बघायचं, आणि मगच ते शाळेत पाठवायचं. शेवटचं वाक्य तर घाबरून सावरल्याखेरीज येतच नाही. ठिणगी म्हणाली, मी बसते, माझा प्रबंध आठवला तरी माझी रेघ छताला लागते. सर म्हणाले, नको, मी बसतो.

त्यांनी पट्टा बांधला. ठिणगी दुसऱ्या पडद्याशी बसली. पहिलं गणित आलं, अपूर्णांकांचं. सरांनी सोडवलं. दुसरं आलं. रेघ आडवी. बाहेरच्या व्हरांड्यात कुणीतरी बादली सरकवत नेत होतं. तिसरं गणित हौदाचं होतं. सरांनी पेन्सिल उचलली, आणि ती हातात तशीच राहिली. त्यांच्या मनात आलं, आता बाई बोलल्या तर त्यांच्यामागून ते वाक्य येणार. ते आलं की ते शाळेत जाणार. ते शाळेत गेलं की संपलं. नळ किती वेगानं भरतो ते त्यांना दिसेना. आकडे होते, पण त्यांचं काही होईना. जन्मात पहिल्यांदा त्यांना चौथीचं गणित येत नव्हतं. त्यांनी तळहात पँटला पुसला. तो पुन्हा ओला झाला. टेबलावरचा कागद मनगटाला चिकटून वर आला.

त्या कागदाकडे ते बघत राहिले. बाईंचा हात असाच व्हायचा. आपण समोर बसून म्हणत होतो, सोपं तर आहे.

"थांब जरा," बाई म्हणाल्या.

सर थांबले.

"पेन्सिल खाली ठेव. घाई कुणाला आहे? मी इथंच आहे."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांनी बटण दाबलं नव्हतं, सोंग केलं नव्हतं, श्वासही धरला नव्हता. बाईंनी ओळखलं होतं. सरांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत, चष्म्याखालून वाहू दिले. ठिणगीनं मान वळवली आणि ती खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं चालल्यासारखी तिकडे बघत बसली. बाई पुन्हा एकदा म्हणाल्या, मी इथंच आहे. ते वाक्य रेघ खाली येईपर्यंत अधूनमधून येतं, तशीच रचना आहे.

सरांना ती रेघ दिसत नव्हती, पण आतून कळत होतं. छाती हलकी होत होती. खांदे उतरत होते. त्यांना ते नको होतं. आणखी थोडं घाबरून राहता आलं तर बाई आणखी थोडं बोलतील, हे ठाऊक असून त्यांना घाबरता येईना, कारण समोरून बाई बोलत होत्या, आणि त्या बोलत असताना जन्मात त्यांना कधी भीती वाटली नव्हती.

श्वास धरायची युक्ती त्यांना माहीत होती. त्यांनी ती केली नाही.

"हं, जमतंय की," बाई म्हणाल्या. "आता पुढचं तुझं तू कर."

सरांनी नाक पुसलं, चष्मा पुसला आणि पेन्सिल उचलली. हौदाचं गणित तसंच अर्धं पडलं होतं. एक नळ भरत होता, दुसरा रिकामा करत होता. त्यांनी ते सावकाश, पायरी पायरीनं, पोरांनी मांडावं तसं मांडलं आणि उत्तर लिहिलं.

उत्तर बरोबर आलं. बाई काही बोलल्या नाहीत. सरांनी पुढचं घेतलं.